दंडावरची खूण: बीसीजीची शंभर वर्षं आणि पुण्यात आलेली एक लस

जुन्या श्रोत्यांना माहितीये की मी एरवी कपड्यांच्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड करते. आजचा भाग मात्र खडकवासल्याच्या चौपाटीवर बसून केलाय. त्यामुळे मधेमधे वारा ऐकू येईल, आणि एका ठिकाणी कणीसवाल्या मावशी "तिखट जास्त लावू का गं?" असं विचारतायत, तेही ऐकू येईल. ते मी कापलं नाही. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा मजकूर, थोडा साफसूफ करून.

आधी एक काम करा. डाव्या हाताची बाही वर करा. खांद्याच्या जरा खाली, दंडावर, एक छोटी गोल खूण दिसतेय? कुणाची पुसट असेल, कुणाची चांगली हरभऱ्याएवढी. ही बीसीजीची खूण. तुम्ही जन्मलात आणि बहुतेक दवाखान्यातून घरी यायच्या आतच कुणीतरी तुम्हाला ही लस टोचली. टीबीची लस.

२०१९ च्या पावसाळ्यात माझ्या दादाला टीबी झाला.

आम्ही इथेच, कोल्हेवाडीत राहतो. दादा तेव्हा २६ वर्षांचा. आधी वाटलं पावसाळी खोकला आहे. मग तीन आठवडे झाले, संध्याकाळी बारीक ताप यायला लागला, पँट कमरेत सैल झाली. थुंकी तपासली आणि निदान झालं. आईने पहिल्या दिवशी त्याचं ताट-वाटी वेगळं केलं. टीबी ताट-वाटीतून पसरत नाही, खोकल्यातून हवेत जातो आणि हवेतून दुसऱ्याच्या छातीत, हे तिला समजवायला आठवडा गेला. दादाने सहा महिने गोळ्या घेतल्या आणि तो ठणठणीत बरा झाला, म्हणजे काळजी करू नका. पण त्या दिवसांत एकदा तो बनियनवर बसला होता, दंडाकडे बघत, आणि म्हणाला, "मग ही खूण कशाला आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, घरात आम्ही तिघं होतो, आई, बाबा आणि मी. आमचे एक्स-रे काढले, स्वच्छ आले, आणि सांगितलं की खोकला झाला तर लगेच या. बस्स. तेव्हाच्या नियमांत टीबी टाळण्यासाठीच्या गोळ्या घरातल्या अगदी लहान मुलांना मिळायच्या; घरातल्या मोठ्यांसाठी ती सोय सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये २०२१ मध्ये आली. म्हणजे एकाच छपराखाली, एकाच हवेत राहणाऱ्या मोठ्या माणसासाठी ना गोळी, ना लस. फक्त वाट बघायची.

तर आजचा भाग दादाच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. सात वर्षं नाही, पण बरीच उशिरा मिळालेलं.

माझ्या समोर ही जी भिंत दिसतेय, खडकवासल्याचं धरण, ते पूर्ण झालं १८७९ मध्ये. फाईफ नावाच्या इंग्रज इंजिनिअरचं काम, म्हणून जुन्या कागदांत या तलावाला 'लेक फाईफ' म्हणतात. धरण पूर्ण झालं त्यानंतर तीनच वर्षांनी, २४ मार्च १८८२ ला, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने जाहीर केलं की क्षयरोग एका जिवाणूमुळे होतो. तोपर्यंत लोक याला शापापासून ते घराण्याच्या रक्तातल्या दोषापर्यंत काहीही म्हणत होते.

त्या वेळी आपली आनंदीबाई जोशी १६ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी ती फिलाडेल्फियाला डॉक्टर व्हायला गेली, १८८६ मध्ये पदवी घेतली, परत आली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानेच गेली. बावीस पूर्ण व्हायला महिना राहिला होता. जिवाणू माहीत होता, नाव माहीत होतं, ती स्वतः डॉक्टर होती. पण शरीराला त्याच्याशी लढायला शिकवायचं कसं, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

कॉखला वाटलं, आपल्याला माहितीये. १८९० मध्ये त्याने टीबीवर उपाय सापडल्याचं सूचित केलं. जिवाणूंचा अर्क, नाव ट्युबरक्युलिन. कल्पना आजही ओळखीची वाटेल: जिवाणूचे तुकडे टोचायचे म्हणजे शरीर चवताळून उठेल. युरोपभरातून रुग्ण बर्लिनला धावले. शेरलॉक होम्सवाला कॉनन डॉयल डॉक्टर होता, तोही बघायला गेला आणि शंका घेऊन परतला. शरीरं खरंच चवताळली, पण भलतीच. ताप चढले, आतल्या गाठी पेटल्या, काही लोक दगावले. रोग काही बरा झाला नाही. ट्युबरक्युलिन औषध म्हणून संपलं आणि चाचणी म्हणून उरलं. हातावर टोचून दोन-तीन दिवसांनी सूज मोजतात ना, मॉन्टू टेस्ट, ती त्याचीच नात.

हा किस्सा लक्षात ठेवा. प्रतिकारशक्ती 'वाढवणं' एवढंच पुरत नाही, हे टीबीने आपल्याला १८९० मध्येच सांगितलं होतं.

मग येतात दोन फ्रेंच माणसं. आल्बेर काल्मेत डॉक्टर, कामिय गेरँ पशुवैद्य. बीसीजी म्हणजे 'बॅसिलस काल्मेत-गेरँ', या दोघांचीच आडनावं. १९०८ च्या सुमारास लील शहरात त्यांनी गाईच्या टीबीचा जिवाणू घेतला आणि बटाट्याच्या कापांवर वाढवायला सुरुवात केली. त्यात ग्लिसरीन आणि बैलाचं पित्त घातलं, कारण हे जिवाणू गोळा होऊन बसतात आणि पित्ताने सुटे होतात. साधी प्रयोगशाळेतली सोय होती ती. पण त्यांच्या लक्षात आलं की पित्तावर वाढलेला जिवाणू हळूहळू मवाळ होतोय. मग दर तीन आठवड्यांनी जुन्यातून नव्यावर, नव्यातून पुन्हा नव्यावर. तेरा वर्षं. २३० वेळा. मधे पहिलं महायुद्ध आलं, लील जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी यांचे बटाटे चालूच. मला या दोघांचं सगळ्यात जास्त काय आवडतं तर हा चिवटपणा. आपण तीन आठवडे डाएट टिकवू शकत नाही.

१९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्या बाळाला ही लस दिली. बाळाची आई बाळंतपणानंतर टीबीने गेली होती आणि ज्या आजीकडे बाळ वाढणार होतं तिलाही टीबी होता. घरातल्या टीबीच्या सावलीतलं बाळ. लस तोंडातून पाजली होती, सुई नंतर आली. ते मूल वाचलं.

आणि मग १९३०, जर्मनीतलं लुबेक. तिथे सुमारे अडीचशे बाळांना लस दिली गेली आणि त्यातली सत्तरहून जास्त बाळं मेली. लशीत खरा, जहाल टीबीचा जिवाणू मिसळला गेला होता. दोन्ही एकाच प्रयोगशाळेत ठेवलेले. दोष बीसीजीचा नव्हता, पण आईबापांनी हे का ऐकून घ्यावं? लशीवरचा विश्वास परत यायला कितीतरी वर्षं लागली.

भारतात १९४८ मध्ये मद्रासजवळ गिंडीला बीसीजीची प्रयोगशाळा निघाली आणि पन्नासच्या दशकात देशभर मोहीम. विरोध करणारे कोण, तर राजाजी! चक्रवर्ती राजगोपालाचारी, देशाचे माजी गव्हर्नर जनरल. त्यांनी १९५५ मध्ये बीसीजीविरुद्ध पुस्तिकाच काढली. व्हॉट्सॲप नव्हतं म्हणून, नाहीतर फॉरवर्ड झाली असती. पण त्यांचा एक मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता: ही लस इथे, आपल्या लोकांत काम करते याचा पुरावा काय?

इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत बीसीजीने तीन चतुर्थांशाहून जास्त संरक्षण दिलं होतं. मग १९६८ मध्ये तमिळनाडूतल्या चिंगलपेटमध्ये तशीच, पण कितीतरी मोठी चाचणी सुरू झाली. सुमारे २ लाख ६० हजार माणसं. साडेसात वर्षांचा पाठपुरावा करून आकडे मोजले, आणि मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या टीबीविरुद्ध संरक्षण निघालं जवळजवळ शून्य.

शून्य! ज्या टीबीत माणूस खोकतो आणि दुसऱ्याला देतो, नेमक्या त्याच टीबीविरुद्ध.

दादाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. बीसीजी निरुपयोगी नाही. लहान बाळांना मेंदूच्या आवरणाचा टीबी होतो, अंगभर पसरणारा टीबी होतो, त्यापासून ती चांगलं वाचवते. म्हणून आजही दिली जाते आणि द्यायलाच हवी. पण विशीपर्यंत तिची धार उतरलेली असते.

असं का? एक कारण, जे बऱ्याच शास्त्रज्ञांना पटतं, ते इथे माझ्या समोर पसरलंय. पाणी आणि माती. टीबीच्या जिवाणूचे कितीतरी चुलतभाऊ जगात सगळीकडे पाण्यात आणि मातीत राहतात. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात त्यांच्याशी आपली रोजची गाठ पडते. बहुतेकांना ते काहीच करत नाहीत. पण शरीर त्यांच्याकडूनच थोडंसं काहीतरी शिकून बसतं, आणि मग बीसीजी आली की शरीर म्हणतं, हे माहितीये, आणि तिला रुजू देत नाही. इंग्लंडच्या थंड शाळेत जे चाललं ते चिंगलपेटच्या भातशेतीत चाललं नाही, ते बहुधा यामुळे.

दुसरं कारण जिवाणूच्या लबाडीत आहे. हे जरा सावकाश ऐका.

टीबीचा जिवाणू छातीत गेला की आपल्या महाभक्षी पेशी त्याला गिळतात. गिळलं की तो पेशीतल्या एका पिशवीत बंद होतो. त्या पिशवीत आम्ल भरतं आणि आतला पाहुणा जिरून जातो, असा नियम. टीबीचा जिवाणू ते आम्लच भरू देत नाही. तो पिशवीत निवांत बसतो. वर, खरा जहाल जिवाणू पिशवीला भोकंही पाडतो, कारण त्याच्याकडे त्यासाठीची हत्यारं आहेत. काल्मेत आणि गेरँच्या तेरा वर्षांत बीसीजीने नेमकी ती हत्यारंच हरवली, हे १९९० च्या दशकात जनुकं वाचल्यावर कळलं. म्हणून तर ती मवाळ झाली. पण म्हणूनच ती पिशवीत अडकून पडते. तिचे तुकडे बाहेर येत नाहीत, आणि प्रतिकारशक्तीच्या ज्या शिपायांना, म्हणजे काही टी पेशींना, ते तुकडे बघून चोर ओळखायला शिकायचं असतं, त्यांना चोराचा फोटो अर्धवटच मिळतो.

मग करायचं काय? एक रस्ता म्हणजे बीसीजीच्या वर दुसरी लस देऊन स्मरणशक्ती ताजी करायची. बूस्टर, कोविडने हा शब्द सगळ्यांना शिकवला. ऑक्सफर्डची एमव्हीए-८५ए नावाची लस अशीच होती. दक्षिण आफ्रिकेत २,७९७ बाळांवर तपासली. रक्तात टी पेशी वाढल्या का? वाढल्या. टीबी कमी झाला का? २०१३ मध्ये निकाल आला: म्हणण्यासारखा नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सगळं छान आणि रोग तसाच. पुन्हा कॉखची आठवण. कुठली पेशी किती वाढली यापेक्षा ती नेमकं काय ओळखते आणि फुप्फुसात वेळेवर पोचते का, हे महत्त्वाचं निघालं.

दुसरी बूस्टर लस, एम-७२, जास्त आशादायक निघाली. तीत जिवाणूच्या दोन प्रथिनांचा जोड आहे, आणि शरीराला जागं करण्यासाठी सोबत जे मिश्रण घातलंय त्यातला एक घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून येतो. साल साबणासारखी फेसाळते. आपल्या रिठ्याची आठवण येते की नाही? केनिया, दक्षिण आफ्रिका आणि झांबियातल्या साडेतीन हजार मोठ्या माणसांवर चाचणी झाली. सुमारे तीन वर्षांत लस न मिळालेल्या गटात २६ जणांना टीबी झाला, लस मिळालेल्या गटात १३. साधारण निम्मे. मोठ्या माणसांत एवढंसुद्धा याआधी कुणाला जमलं नव्हतं. तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी मार्च २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली.

दुसरा रस्ता म्हणजे बीसीजीलाच दुरुस्त करायचं. आणि इथे गोष्ट आधी परत बर्लिनला जाते आणि मग पुण्यात येते.

बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत स्टेफान काउफमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीसीजीत दोन बदल केले. लिस्टेरिया म्हणून एक वेगळाच जिवाणू आहे, तो पेशीतल्या पिशवीला भोक पाडून बाहेर पडण्यात पटाईत. त्याचं ते भोक पाडणारं प्रथिन तयार करणारं जनुक त्यांनी बीसीजीत बसवलं. पण हे प्रथिन आम्लातच चालतं, आणि बीसीजी तर अमोनिया बनवून आम्ल मारते. म्हणून बीसीजीचं अमोनिया बनवणारं जनुक काढून टाकलं. आता पिशवीत आम्ल भरतं, भोकं पडतात, तुकडे बाहेर येतात, पेशीच्या आत धोक्याची घंटा वाजते आणि जास्त प्रकारच्या टी पेशींना चोराचा पूर्ण फोटो मिळतो. यातली हुशारी बघा: पिशवीबाहेर आम्ल नाही, त्यामुळे हे प्रथिन बाहेर आलं की थंड पडतं आणि अख्खी पेशी फाडत नाही. २००५ मध्ये त्यांनी उंदरांवरचे निष्कर्ष छापले. जुन्या बीसीजीपेक्षा संरक्षण चांगलं होतं. लशीचं नाव व्हीपीएम-१००२. नाव ठेवणाऱ्यांनी जरा विचार करायला हवा होता, बाईकच्या मॉडेलसारखं वाटतं.

पुढे ही लस हातात घेतली पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने. सिरमची सुरुवात १९६६ ची, आणि तीही मजेशीर. पूनावाला कुटुंबाचा घोड्यांचा स्टड फार्म. निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, कारण घोड्याच्या रक्तातून धनुर्वातासारख्या रोगांवरचं सिरम काढायचे. सायरस पूनावालांना वाटलं, मग हे काम आपणच का करू नये? आज जगातल्या कितीतरी बाळांच्या दंडावरची जुनी बीसीजीसुद्धा हडपसरच्या याच कारखान्यातली असते. म्हणजे जुनी लस बनवणाराच नवी लस घेऊन उभा राहिला.

जुलै २०१९. आमच्या घरात दादा खोकत होता, त्याच महिन्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने महाराष्ट्रासह सहा राज्यांत एक चाचणी सुरू केली. १२ हजार माणसं. आणि कुठली माणसं? टीबीच्या रुग्णाच्या घरात राहणारी, स्वतः निरोगी. म्हणजे आई, बाबा, मी. आम्ही त्यात नव्हतो, आम्हाला तेव्हा माहीतही नव्हतं. पण हे वाचलं तेव्हा मी फोन बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले. त्या वाट बघणाऱ्या लोकांचा कुणीतरी विचार करत होतं.

तीन गट होते. एकाला व्हीपीएम-१००२, एकाला नुसतं बिनऔषधी इंजेक्शन, आणि एकाला इम्युव्हॅक, जी पूर्ण देशी गोष्ट आहे. दिल्लीचे प्राण तलवार यांनी कुष्ठरोगावरच्या कामात एक निरुपद्रवी जिवाणू शोधला, टीबीचा आणि कुष्ठरोगाचा लांबचा नातेवाईक. त्याला आता मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी म्हणतात, 'प्रानी' त्यांच्याच नावावरून. त्याला मारून टोचलं की शरीर दोन्ही रोगांशी लढायला तयार होईल, अशी कल्पना. मघाशी म्हटलं की मातीपाण्यातले चुलतभाऊ बीसीजीच्या आड येतात. इथे तसाच एक चुलतभाऊ मदतीला घेतलाय.

लस टोचून मग माणसांच्या मागे जवळपास तीन वर्षं राहायचं, कोण आजारी पडतं ते मोजायचं. इतका वेळ का? कारण संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो. बाकीच्यांत जिवाणू झोपून राहतो. फरक दिसायला हजारो माणसं आणि वर्षं लागतात. त्यात मधे २०२० आलं, टाळेबंदी आली. टीबीच्या कार्यकर्त्यांना कोविडच्या कामाला जुंपलं. आणि गंमत बघा, सिरमने हीच व्हीपीएम-१००२ कोविडवर चालते का तेही तपासलं. जगातल्या दर चार टीबी रुग्णांमागे एक भारतात आहे, पण पैसा आणि घाई कुठल्या रोगाला मिळते हे त्या वर्षी लख्ख दिसलं. कोविडची लस वर्षात आली. टीबीच्या दुसऱ्या लशीसाठी आपण १९२१ पासून थांबलोय. यात विज्ञान अवघड आहे हे खरं, पण टीबी गरिबांच्या खोल्यांत जास्त राहतो हेही तितकंच खरं. हे माझं मत आहे, पटलं नाही तर कळवा.

दरम्यान २०२४ मध्ये सरकारने जुनी बीसीजीच मोठ्यांना परत द्यायला सुरुवात केली, अभ्यास म्हणून, महाराष्ट्रातही. साठीच्या पुढचे, मधुमेही, धूम्रपान करणारे, फार बारीक असलेले, आधी टीबी होऊन गेलेले आणि रुग्णाच्या घरातले लोक. बाबा दोन गटांत बसतात. "या वयात दंडावर टोचून घेऊ?" म्हणाले. आईने नुसतं बघितलं. पुढे काही बोलले नाहीत.

दादाला मागच्या वर्षी मुलगी झाली. जन्माच्या दुसऱ्या दिवशी नर्सताईंनी गडद तपकिरी काचेची छोटी कुपी काढली, सलाईन घालून हलवली, आणि ०.०५ मिलिलिटर, म्हणजे एका थेंबाएवढं, तिच्या डाव्या दंडात अलगद टोचलं. तीच, बटाट्यावरची. महिनाभराने तिथे लाल फोड आला, मग त्यात पू दिसला, आणि आई घाबरून हळद घेऊन धावली. दादाने तिचा हात धरला. "काही लावू नकोस, आई. यायलाच पाहिजे तो. त्याचं काम चाललंय."